दोऱ्याचं मागचं टोक

१

भयकथा लिहिणाऱ्या बाईला लोक तीनच प्रश्न विचारतात. भूत खरंच असतं का, रात्री एकटीला झोप लागते का, आणि हे सगळं सुचतं कुठून. पहिले दोन मी हसण्यावारी नेते. तिसऱ्याचं खरं उत्तर देते, ते कुणालाच पटत नाही. मी सांगते, हे मला माझ्या वडिलांनी शिकवलं, आणि माझ्या वडिलांचा भुताखेतांवर काडीचा विश्वास नाही.

माझे वडील म्हणजे अंबडचे भिवा गुरुजी. आम्ही त्यांना अण्णा म्हणतो. पस्तीस वर्षं त्यांनी शाळेत मास्तरकी केली आणि जवळपास तितकीच वर्षं गावातले बौद्धाचार्य म्हणून लोकांची लग्नं, नामकरणं, मृत्यूनंतरचे जलदान विधी लावले. आमच्या घरात रविवारची वंदना कधी चुकली नाही, पौर्णिमेचे पांढरे कपडे चुकले नाहीत, आणि भीती वाटली की वही चुकली नाही.

ती वही अशी. मी किंवा माझा भाऊ बुद्धभूषण घाबरून उठलो की अण्णा जवळ घ्यायचे नाहीत. शाळेची जुनी वही पुढ्यात टाकायचे. तिच्यात तीन रकाने आखलेले असायचे: काय ऐकलं, कुठं ऐकलं, कारण काय. पहिले दोन भरायला वेळ लागत नसे. तिसऱ्यासाठी हातात बॅटरी देऊन ते आम्हाला त्या जागी पाठवायचे. ‘माहीत नाही’ लिहिलेलं चालत नसे. मागच्या खोलीवर पत्रे होते, ते संध्याकाळी निवायला लागले की कडकड वाजायचे. माझ्या वहीत पत्रे सतरा वेळा आहेत, मांजर नऊ वेळा, शेजारच्या झुंबरबाईच्या घरची सांडशी एकदा. सकाळी अण्णा लाल पेनानं खूण करायचे आणि म्हणायचे, "बघ. भीतीला नाव दिलं की ती पळती."

पुढं मी लिहायला लागले तेव्हा काय केलं, तर तेच रकाने ठेवले आणि तिसरा कोरा सोडला. माझ्या कथांचं गुपित म्हणाल तर एवढंच. दिवाळी अंकवाले त्यालाच शैली म्हणतात.

वहीशिवाय आणखी एक गोष्ट त्या घरानं मला दिली. घरी रक्षणासाठी म्हणतात तो परित्राण पाठ असला की बुद्धमूर्तीपुढच्या कलशाला पांढरा दोरा गुंडाळायचे आणि तोच दोरा बसलेल्या प्रत्येकाच्या जोडलेल्या हातांतून पुढं जायचा. पाठ तासभर चाले. पालीतलं मला ओ की ठो कळत नसे, पण डोळे मिटून बसलं की दोऱ्यातून माणसं कळायची. कुणी खोकलं, कुणाचा पाय अवघडला, कुणाला रडू आलं, सगळं बोटांत यायचं. अण्णांचा हात कधीच हलायचा नाही. डोळे न उघडता, कोण कुठं बसलंय हे मला सांगता यायचं. ती सवय अजून गेलेली नाही.

२

आईला जाऊन गेल्या मार्चमध्ये वर्ष झालं. बेबीनंदा तिचं नाव. शेवटची दोन वर्षं तिची उजवी बाजू गेली होती आणि मागच्या खोलीतल्या खाटेवर ती पडून असायची. ती गेल्यावर अण्णा शहात्तराव्या वर्षी त्या घरात एकटे राहिले. बुद्धभूषण पुण्याला, मी संभाजीनगरला. दोघांचे हात जोडून झाले, पण अण्णा हलायला तयार नव्हते.

एप्रिलमध्ये बुद्धभूषणचा फोन आला. "ताई, अण्णा बारीक झालेत. व्हिडिओ कॉलवर ओळखू येत नाहीत. तू चार दिवस आधी जा, त्यांचं मन वळव. रविवारी दुपारी चारला मी गाडी घेऊन येतो आणि त्यांना घेऊनच जातो. आता विचारायचं नाही."

मी गुरुवारी एसटीनं अंबडला उतरले. जयंती होऊन आठवडा झाला होता, गल्लीत निळ्या पताका तशाच होत्या आणि उन्हानं त्यांचा रंग उडायला लागला होता. अण्णा दारात उभे होते. सदरा खांद्यावरून उतरत होता. मला पाहून ते हसले, पण तोंडानं म्हणाले, "कशाला आलीस उन्हाची? मी काय लहान लेकरू हाये?"

आमचं घर म्हणजे एकामागं एक तीन खोल्या. पुढं बैठक, तिथं बुद्धमूर्ती आणि बाबासाहेबांचा फोटो. मध्ये स्वयंपाकघर. त्याच्या मागं पत्र्याची खोली, आईची. तिला एकच जाळीची खिडकी, तीही झुंबरबाईच्या भिंतीकडं. मागच्या खोलीचं दार लावलेलं होतं, स्वयंपाकघराच्या बाजूनं कडी घातलेली.

अण्णांचा दिनक्रम घड्याळ लावावं असा. पाचला उठणं, वंदना, पेपर, अकराला भाकरी, मग आडवं होणं. तीनला पाठ. मी चहाची पत्ती शोधायला फडताळ उघडलं तर पत्तीच्या डब्यामागं दोऱ्याची रिकामी रिळं ओळीनं मांडून ठेवलेली. पुठ्ठ्याची नुसती नळकांडी उरलेली. मी मोजली, अकरा होती.

"अण्णा, एवढा दोरा कशाला लागला?"

"पाठाला."

"एका रिळात आख्खी आळी गुंडाळून होईल."

त्यांनी पेपरातून डोकं वर काढलं नाही. "खर्चा होतो," म्हणाले.

३

तीन वाजता मी स्वयंपाकघरात भांडी लावत होते. लाईट गेलेली, बाहेर चिटपाखरू नव्हतं. अण्णांनी कलशाला दोऱ्याचे तीन वेढे दिले. रीळ गडगडू नये म्हणून स्टीलच्या पेल्यात ठेवलं. मग दोऱ्याचं टोक हातात घेऊन ते माझ्या शेजारून गेले, मागच्या खोलीची कडी काढली, आत जाऊन काहीतरी केलं, बाहेर आले, पुन्हा कडी लावली. दोरा दाराखालून आत गेलेला होता.  पुढं जाऊन बसले आणि पाठ सुरू झाला.

आईच्या आजारपणात ते हेच करायचे. आजारी माणसाच्या हातात दोरा देण्याची पद्धतच आहे. रोज तीनला तिच्या खाटेपर्यंत दोरा जायचा. मला वाटलं, म्हाताऱ्या माणसाची सवय. मी नळ सोडून दिला, आपलं रडणं आपल्याला ऐकू येऊ नये म्हणून.

नळ बंद केला तेव्हा पाठाच्या मागं दुसरा आवाज होता. टिक. टिक. मग थोडा वेळ काही नाही. मग टर्र.

मी बैठकीच्या दारात जाऊन पाहिलं. अण्णा डोळे मिटून ताठ बसलेले. त्यांच्या बाजूला पेल्यात रीळ फिरत होतं. ते थांबायचं, पेल्याच्या काठाला टेकायचं, पुन्हा फिरायचं. दोरा अण्णांच्या हातांमधून सरकत माझ्या पायाजवळून मागच्या खोलीकडं चालला होता.

वडिलांनी लावलेली सवय कामाला आली. फरशीला उतार असेल. उंदीर असेल, खाटेखालून दोरा बिळात नेत असेल. पाठ संपला, रीळही थांबलं. अण्णा दोरा गुंडाळत मागं गेले. गुंडाळलेला दोरा मुठीत मावला. आत गेला होता त्याच्या निम्मासुद्धा नव्हता.

"उंदीर झालेत, अण्णा," मी म्हणाले.

त्यांनी तो दोरा खिशात टाकला.  मग म्हणाले, "उद्या सकाळी बघून घे. उजेडात."

४

सकाळी नऊला मी मागच्या खोलीत गेले. चप्पल काढून, बॅटरी घेऊन, लहानपणी जायची तशी.

आईची खाट भिंतीला लागून होती. गादी गुंडाळून पायथ्याला ठेवलेली, वर घडी केलेली गोधडी. औषधांचा ट्रे रिकामा. तिची काठी कोपऱ्यात. मी खाट ओढली, खाली झाडून घेतलं. बीळ नव्हतं. भिंत आणि फरशीच्या सांध्यात सिमेंट भरलेलं, ते अण्णांनीच भरलं असणार, कारण ते ताजं होतं. खिडकीची जाळी शाबूत, चिमणीसुद्धा आत येणार नाही अशी. मी पत्र्याखालच्या वाशांवरून झाडू फिरवला. जळमटं निघाली. उंदराची एक लेंडी मिळाली नाही.

दोऱ्याचा धागा मिळाला नाही. अकरा रिळांचा दोरा म्हणजे टोपलीभर होतो. तो गेला कुठं, हा प्रश्न मी दिवसाढवळ्या, भरल्या पोटी, पदवीधर बाई म्हणून स्वतःला विचारला आणि खाट पुन्हा भिंतीला लावली.

त्या दिवशी तीनला मी भांड्यांचा आवाज केला नाही. स्वयंपाकघरात भिंतीला टेकून बसले आणि दारापाशी गेलेल्या दोऱ्यावर दोन बोटं हलकेच ठेवली. अण्णांचा हात मला ओळखू आला. पूर्वी तो कधी हलत नसे, आता त्याला बारीक थरथर होती. ती एका बाजूनं येत होती.

दुसऱ्या बाजूनं ओढ येत होती. उंदीर ओढतो तेव्हा हिसके देतो. वारा दोरा हलवतो, नेत नाही. ही ओढ सावकाश होती, एकसारखी, आणि मध्ये ती थांबायची. अण्णा श्वास घ्यायला थांबले की थांबायची. पाठ सुरू झाला की सुरू व्हायची.

मी बोटं काढून घेतली आणि पदराला पुसली. का पुसली, सांगता येणार नाही.

५

शनिवारी जेवणानंतर अण्णांनी स्वतःच विषय काढला. कपाटातून एक वही आणली. तीन रकाने आखलेले, त्यांचं मास्तरी वळणदार अक्षर. तारीख, वेळ, पहिला रकाना भरलेला, दुसरा भरलेला. तिसरा कोरा. मी पानं उलटत गेले. पान उलटावं तिथं तिसरा कोरा. त्या माणसाच्या वहीत.

"तिच्या जलदान विधीच्या दुसऱ्या दिवशी," ते म्हणाले, "तीन वाजले आन मी सवयीनं दोरा घेऊन आत गेल्तो. ती न्हाई हे ध्यानातच न्हाई बघ. खाटेवर टोक ठेवलं, बाहेर येऊन पाठ केला. दोरा गुंडाळायला लागलो तर तिकडून कुणी तरी धरलेला. मंग सुटला."

"अण्णा..."

"ऐक. टोक हातात आलं तर त्याला दोन येढ्यांचा पीळ. तुझ्या आईची बोटं चालत नव्हती. दोरा निसटू नये म्हणून ती डाव्या अंगठ्याला दोन येढे घ्यायची. दोनच. तसाच पीळ." त्यांनी वहीच्या मागच्या पानाला चिकटवलेला दोऱ्याचा तुकडा दाखवला. गोल गोल वळलेला, खरोखर अंगठ्याच्या मापाचा.

"तेव्हापासून रोज?"

"रोज. वाटलं, कुणी तरी धरून राह्यलं तर आपण कसं सोडावं?" मग ते हसले, पण ते हसू मला बघवलं नाही. "पस्तीस वरीस पोरांना शिकवलं. गल्लीत कुणाच्या अंगात आलं का मला बोलवायचे. आन मीच आता... कुणाला सांगू? भिवा गुरुजी मेलेल्या बायकोला दोरा देऊन राह्यले, असं सांगू?"

मी त्यांचा हात धरला. तोच हात, दोऱ्यातून ओळखायचे तो.

"मला आत जाऊन बघायची हिंमत न्हाई," अण्णा म्हणाले. "पाठ सोडून उठता येत न्हाई म्हणतो मी, पण खरं सांगतो, हिंमत न्हाई. तू बघ. तुझा धंदाच हाये. उद्या पाठ चालू असताना दार उघडून बघ आन तिसरा रकाना भर. ती असंल तर मी हितून हलत न्हाई, बुद्धभूषणला सांग परत जा. कुणी नसंल तर मी म्हातारा चळलो, गुमान गाडीत बसतो. पण खोटं लिहू नको. माझ्या वहीत खोटं चालत न्हाई."

रात्री मला एकच वाटत राहिलं. उद्या दाराआड काहीच नसावं, म्हणजे मी त्यांना घेऊन जाऊ शकेन. आणि त्यांना काय हवं होतं ते मला चांगलं ठाऊक होतं. त्यांना ती हवी होती.

६

रविवारी तीन वाजता अण्णांनी आत टोक ठेवलं, पण कडी लावली नाही. माझ्या खांद्यावर हात ठेवून पुढं गेले. ऊन मी म्हणत होतं. पत्रे तापून कडकडत होते, त्या आवाजाची मला लाज वाटेल इतकी सोबत वाटली. कारण ठाऊक असलेला आवाज तो एकच होता.

पाठ सुरू झाला. पेल्यात रीळ वाजलं. टिक.

मी दार हातभर उघडलं.

आधी मी खाटेकडं पाहिलं, आई जिथं असायची तिथं. गादी परवा होती तशीच गुंडाळलेली, गोधडीची घडी मोडलेली नव्हती. अण्णांनी खाटेच्या काथ्यावर ठेवलेलं टोक तिथं नव्हतं. दोरा उंबऱ्यावरून आत गेला होता, खाटेच्या पलीकडं, आणि मग वर. कोपऱ्यात, आईच्या काठीच्या वर, उभ्या माणसाच्या छातीच्या उंचीला तो ताठ होता. जाळीतून येणारा उजेड तिथवर पोचत नव्हता, फक्त एक पट्टा भिंतीवर आडवा पडला होता.

दोरा गुंडाळला जात होता. एक वेढा. दुसरा वेढा. दोन झाल्यावर थांबला, आई थांबायची तसा. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. खरं सांगते, त्या क्षणी मला आनंद झाला.

मग तिसरा वेढा पडला.

चौथा. पाचवा. घाई नव्हती. अण्णांनी श्वास घेतला, तो थांबला. अण्णा पुढं म्हणू लागले, तो पुढं निघाला. दोन वेढ्यांची खूण दोरा ओढणाऱ्यानं आईकडून बघून बघून शिकून घेतली होती, दार लोटणाऱ्यानं काय पाहावं हे ओळखून. आणि ज्याच्याभोवती दोरा पडत होता ते अंगठ्याएवढं नव्हतं. ते हळूहळू उजेडाच्या पट्ट्यात आलं. पांढरं, घट्ट, एकावर एक वेढे. आधी बोटं, माझ्या आईच्या बोटांच्या दुप्पट लांब. मग पंजा. मग मनगट. अकरा रिळांचा दोरा मला परवा सापडला नव्हता, तो आता सापडला. तो कोपरापर्यंत आला होता. कोपराच्या पुढं अजून काही नव्हतं.

पंजा उघडला आणि माझ्यापुढं धरला गेला, कुणी काही मागावं तसा.

मी विचार केला असं म्हणणार नाही. उंबऱ्यात वाकून दोरा उचलला, अण्णांच्या बाजूचा दातानं तोडला आणि आतलं टोक माझ्या डाव्या अंगठ्याला गुंडाळलं. दोन वेढे. ओढ माझ्यावर आली. ती अण्णांच्या हातापर्यंत गेली नाही, रीळ पेल्यात थांबलं, एवढं मला ऐकू आलं. आणि आता सोडायचं नाही, हेही कळलं. लहानपणी दोऱ्यातून कळायचं तसंच कळलं. त्या बाजूला कुणी बसलंय, ते किती मोठं आहे, आणि मी सोडलं तर ते कुणाच्या मागं निघेल.

पाठ मध्येच थांबला.

"भावने," अण्णांचा आवाज आला, "दोरा सैल पडला."

७

ते उठून स्वयंपाकघरात आले तोवर मी दार ओढून घेतलं होतं. फटीत उभी राहिले. डावा हात दारामागं, आत. अंगठ्याचं टोक बधिर व्हायला लागलं होतं.

"काय दिसलं?"

"खिळा आहे, अण्णा. कोपऱ्यात, वाशाला. दोरा त्यात अडकतो आणि पत्रा तापून हलला की ओढला जातो. तिथंच तुटून वर वाशांवर साचलाय सगळा." माझा आवाज माझ्या वाचनाच्या कार्यक्रमात असतो तसा स्वच्छ होता. इतकी वर्षं खोटं लिहून पोट भरलं, ते एकदाच कामी आलं.

अण्णा माझ्या तोंडाकडं पाहत होते. "आन ती?"

"कुणी नाही."

ते स्टुलावर बसले. मला वाटलं आता रडतील. त्यांनी नुसते डोळे पुसले आणि वही माझ्यापुढं धरली. मी उजव्या हातानं, उभ्या उभ्या, तिसऱ्या रकान्यात ‘खिळा’ असं लिहिलं. त्यांनी खिशातून लाल पेन काढून खूण केली. मी पहिलीत असताना करायचे तशीच, नीट, शेपटी ओढून.

"बराबर," ते म्हणाले. "बिलकुल बराबर. मला वाटलंच होतं. म्हातारपणी माणूस हळवा होतो बघ." मग ते हसले, आणि हे हसू खरं होतं. "तुझी आई माझ्याहून पक्की होती. घरी पाठ असला का मी म्हणायचो, पुढं बस, बायांमधी बस. ती न्हाई यायची. दोऱ्याचं मागचं टोक तिला लागायचं. ह्याच दारात बसायची, हात असा मागं घेऊन. एकदा मी विचारलं, मागं कुणी हाये का गं तुझ्या? तर म्हणली, कुणी न्हाई. तुझ्यावानीच म्हणली, मान न वळवता. चाळीस वरीस तिला कधी भ्या वाटलं न्हाई."

आईचा हात मागं का असायचा, ते मला आता कळलं होतं. अंगठ्यावर तिसरा वेढा पडत होता, मी तो पडू देत नव्हते.

अण्णा चटचट आवरायला लागले. वर्षभरात त्यांना इतकं हलकं कुणी पाहिलं नसेल. सदरे घडी केले, फोटो उतरवून चादरीत गुंडाळला, मूर्ती छातीशी धरली, फडताळातली रिकामी रिळं केराच्या बादलीत टाकली. मध्येच म्हणाले, "तू का उभी तिथं? ये की." मी म्हणाले, दाराची कडी वाकली आहे, ती बसवते. त्यांना ते पटलं. आज त्यांना सगळं पटत होतं.

चारच्या सुमाराला गल्लीत हॉर्न वाजला. बुद्धभूषण आत डोकावला, "ताई, चल, जल्दी," म्हणाला आणि पिशव्या उचलून गेला. गाडीची डिकी लागल्याचा आवाज आला. अण्णा उंबऱ्याबाहेर जाऊन पुन्हा मागं वळले. त्यांना बैठकीच्या आणि स्वयंपाकघराच्या दारांतून मी दिसत होते, माझा उजवा खांदा आणि चेहरा.

"भावने, गॅस बघितला का? मागं कुणी राह्यलं न्हाई ना?"

"कुणी नाही, अण्णा," मी म्हणाले. "तुम्ही व्हा पुढं."